छप्पर किती मजल्यांना पुरेल?

सार्वजनिक इमारतींतील ऊर्जेचा वापर आणि अक्षय ऊर्जा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि काही प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत. उत्तरांत जेथे 'युनिट' असा शब्द आहे तेथे विजेच्या बिलावरचेच युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, समजावे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची नवी पाच मजली वातानुकूलित इमारत बांधायचे ठरले आहे. वास्तुविशारदांनी आराखड्यात संपूर्ण गच्चीवर सौर पॅनेल दाखवले असून 'ही इमारत शून्य ऊर्जेची होईल' असे म्हटले आहे. विश्वस्तांपैकी काहींना हा दावा फुगवलेला वाटतो. आमच्यासारख्या तांत्रिक शिक्षण नसलेल्यांना तो पडताळून पाहता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी कागदाचा एक कपटा आणि शाळेत शिकलेले त्रैराशिक पुरेल. आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. शून्य ऊर्जेची इमारत वीज वापरत नाही असे नव्हे. ती वर्षभरात जितकी वीज वापरते तितकी वर्षभरात स्वतःच्या आवारात निर्माण करते, दुपारी उरलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यात, सोडते आणि संध्याकाळी ग्रिडमधून परत घेते. हा हिशेब वर्षाचा असतो, तासातासाचा नसतो.

आता आपली गच्ची १,००० चौरस मीटरची आहे असे धरा. आराखड्यात ती कोरी दिसते, पण प्रत्यक्षात तिच्यावर जिन्याची आणि लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, वातानुकूलनाची यंत्रे, अग्निशमनासाठी सोडलेली वाट आणि या सगळ्यांच्या सावल्या असतात. एवढे वजा जाता ६०० चौरस मीटर हाती लागले तरी पुष्कळ झाले. लख्ख दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट इतके ऊन पडते आणि आजची चांगली पॅनेल त्यातील २० ते २२ टक्क्यांची वीज करतात. ओळींमधील अंतर आणि साफसफाईची वाट धरली की एका किलोवॉटला साधारण ८ चौरस मीटर लागतात; म्हणजे आपल्या गच्चीवर ७५ किलोवॉटचा संच बसेल. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात एक किलोवॉट वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, ढगाळ प्रदेशात १,०००च्या आसपास. चांगल्या उन्हाचा आकडा घेतला तरी गच्चीची वर्षाची कमाई १,०५,००० युनिट होते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे एका उत्तरात तो वेगळ्याच रूपात पुन्हा येणार आहे.

ही कमाई पाच मजल्यांच्या ५,००० चौरस मीटरवर वाटली की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला २१ युनिट येतात. खर्चाची बाजू पाहा. बेफिकिरीने बांधलेली वातानुकूलित इमारत चौरस मीटरमागे वर्षाला १५० ते २०० युनिट सहज खाते. विचारपूर्वक बांधलेली इमारत ६० ते ७० युनिटांत भागवते. ४० ते ५० पर्यंत उतरायचे असेल तर पहिल्या रेघेपासून काटकसर करावी लागते. २१ युनिटांत पाच मजली वातानुकूलित वाचनालय चालेल असे मला वाटत नाही. त्याच गच्चीखाली दोनच मजले असते, तर वाट्याला ५२ युनिट आले असते आणि दावा निदान चर्चेला घेण्याजोगा झाला असता. मजले कितीही चढवले तरी गच्ची एकच राहते, ही साधी गोष्ट सुंदर रंगीत चित्रांच्या गर्दीत विसरली जाते.

ज्यांनी हे गणित खरोखर जुळवले त्यांच्याकडे पाहिले तर जागेसाठी किती ओढाताण करावी लागते ते कळते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथे राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१० मध्ये बांधलेल्या कार्यालयाला, वापर अतिशय कमी राखूनही, गच्चीबरोबर वाहनतळांवरही पॅनेल घालावी लागली. नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनात, जे २०१४ मध्ये सुरू झाले, ९३० किलोवॉटचा संच आहे आणि तो सामावून घेण्यासाठी पॅनेलचे छप्पर इमारतीच्या कडेबाहेर झेपावले आहे. कोची विमानतळ २०१५ मध्ये पूर्णपणे सौर विजेवर चालू लागला तो १२ मेगावॉटच्या प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प टर्मिनलच्या डोक्यावर नाही, तर लगतच्या मोकळ्या जमिनीवर पसरलेला आहे.

आपल्या वास्तुविशारदांना म्हणून एवढेच विचारावे की चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट लागतील, किती मिळतील आणि लागणाऱ्या युनिटांचा आकडा कशावरून काढला. उत्तर 'सुमारे साठ लागतील, वीस मिळतील, उरलेली चाळीस बाहेरच्या सौर किंवा पवन प्रकल्पाकडून घेऊ' असे आले, तर तो प्रामाणिक आराखडा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उत्तर नुसते 'होईल हो' असे आले, तर आपल्या शंकेखोर सदस्यांचे आभार मानावेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या गच्चीवर सौर संच आहे. तरीही भर दुपारी लख्ख ऊन असताना वीज गेली की आमचे दिवेही जातात. संच सदोष आहे का?

उत्तर : संच सदोष नाही, तो सांगितल्याप्रमाणेच वागतो आहे. ग्रिडशी जोडलेला साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला जुळेल अशी करणारे यंत्र, ग्रिडच्या विजेची लय पकडून काम करतो, आणि ती लय थांबताच त्याने क्षणार्धात बंद व्हावे अशी सक्ती असते. कारण सरळ आहे : वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या हातातील तारेत आपल्या शाळेच्या गच्चीवरून वीज येता कामा नये. वीज गेल्यावरही काही भाग चालू राहावा असे वाटत असेल, तर बॅटरी घेणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि निवडक दिवे, पंखे व पाण्याचा पंप यांच्यासाठी ग्रिडपासून आपोआप तुटणारे वेगळे सर्किट लागते. हे सर्किट बांधकामाच्या वेळीच वेगळे ओढले तर काम किरकोळ असते. नंतर करायला गेल्यास भिंती फोडाव्या लागतात.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कमी ऊर्जेची इमारत म्हटले की आमच्या वर्गात प्रत्येकजण आधी पॅनेल, मग दुहेरी काच आणि शेवटी इमारतीची दिशा असा विचार करतो. आमचा क्रम चुकतो आहे का?

उत्तर : क्रम उलटा आहे. दिशा आणि आकार कागदावर असतात तोवर फुकट बदलता येतात, काच बदलायला कंत्राट लागते, आणि पॅनेल तर इमारत उभी राहिल्यावर दहा वर्षांनीही बसवता येतात. जे नंतर बदलता येत नाही त्याचा विचार आधी करावा.

एक खिडकी घेऊन पाहू. तिची उंची दीड मीटर आहे. सूर्य क्षितिजापासून ६० अंश वर असेल आणि थेट समोर असेल, तर तिच्यावर पूर्ण सावली पाडायला ९० सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. तोच सूर्य ३० अंशांवर उतरला की छज्जा २ मीटर ६० सेंटिमीटर पुढे काढावा लागतो, म्हणजे छज्जा न राहता ती पडवीच होते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या खिडकीला उन्हाळ्यातला सूर्य उंचावरून भेटतो आणि हिवाळ्यातला खालून, त्यामुळे नेमका मोजलेला आडवा छज्जा नको तेव्हा ऊन अडवतो आणि हवे तेव्हा आत सोडतो. पश्चिमेला मात्र वर्षभर सूर्य खाली उतरूनच आत शिरतो, तेही दिवसभराच्या उष्णतेने इमारत तापलेली असताना. म्हणून लांब बाजू दक्षिणोत्तर तोंडाच्या ठेवाव्यात, आणि पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहे, भांडार अशा खोल्यांची ढाल करावी. प्लॉटच आडमुठा असेल आणि पश्चिमेला खिडक्या टाळता येत नसतील, तर सावली बाहेरून आणि उभ्या पट्ट्यांची हवी. मेलबर्न महानगरपालिकेच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या कौन्सिल हाऊस २ या इमारतीची पश्चिम बाजू अशाच लाकडी झडपांनी झाकलेली आहे. दुपारी ऊन फिरेल तशा त्या मिटतात. आतल्या पडद्याने हे काम होत नाही. ऊन काचेतून आत आले, पडदा तापला, की ती उष्णता खोलीचीच झाली.

काचेबद्दल आपल्याकडे, म्हणजे आपल्या व्यवसायात, विलक्षण भाबडेपणा आहे. एकेरी काचेतून उष्णता साध्या जाड विटांच्या भिंतीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाहते, आणि शिवाय साधी पारदर्शक काच तिच्यावर पडलेल्या उन्हातील सुमारे ८० टक्के उष्णता आत घेते. दुहेरी काच आणि तिच्यावरील धातूचा सूक्ष्म लेप यांनी दोन्ही आकडे पुष्कळ खाली येतात हे खरे. पण सर्वात कार्यक्षम काच ती, जी मुळात लावलीच नाही. उजेडासाठी लागेल तेवढी काच वर, छताजवळ द्यावी. ढगाळ आकाशाखालीसुद्धा बाहेर १०,००० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) उजेड असतो आणि वाचायला ३०० ते ५०० लक्स पुरतात. म्हणजे प्रश्न उजेड कमी असण्याचा नाही, तो खोलवर पोहोचवण्याचा आहे. ठोकताळा असा की खिडकीचा वरचा काठ जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोहोचतो. काठ २.७ मीटरवर असेल तर सुमारे ६ मीटर. दोन्ही बाजूंचे सहा-सहा आणि मधली मार्गिका धरली की इमारतीची रुंदी १५ ते १८ मीटरच्या पुढे जाऊ नये हे ओघाने आले. वर उल्लेखलेल्या गोल्डनच्या कार्यालयाच्या इमारतीचे लांब भाग सुमारे १८ मीटर रुंद आहेत, तो काही योगायोग नाही. मात्र उजेड आला म्हणून वीज वाचत नाही; उजेड आल्यावर दिवा मंद झाला तर वाचते, आणि हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता सेन्सरवर सोडावे.

आता एक सावधगिरी. हरारे येथील ईस्टगेट सेंटर ही मिक पिअर्स यांनी रचलेली, १९९६ मध्ये पूर्ण झालेली इमारत प्रत्येक व्याख्यानात दाखवली जाते. रात्रीची गार हवा पंख्यांनी जड काँक्रीटमधून खेळवायची, काँक्रीट थंड करून ठेवायचे आणि दिवसा त्या थंडाव्यावर भागवायचे, ही तिची युक्ती. तिच्याबरोबर वारुळाची गोष्टही सांगितली जाते : वाळवी जसे वारुळाचे तापमान स्थिर राखते, तशीच ही इमारत. वारुळात तापमान तसे स्थिर राखले जात नाही असे पुढच्या संशोधनात दिसून आले, म्हणजे गोष्ट लंगडी निघाली आणि इमारत मात्र ठणठणीत चालली! पण ती चालते याचे कारण हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील रात्री गार असतात. दमट किनाऱ्यावर, जेथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही, तीच रचना उचलून नेली तर काँक्रीट थंड होणारच नाही, उलट ओलसर हवा भिंतींना बुरशी आणील. तेथे हलक्या भिंती, मोठी सावली, आरपार वारा आणि छताचे पंखे यांनी अधिक साधते. दुसऱ्याची इमारत पाहताना आधी तिच्या गावचे रात्रीचे तापमान पाहावे.

प्रश्न : रुग्णालय चोवीस तास चालते आणि सूर्य नाही. मोठी बॅटरी घेण्याचा प्रस्ताव आमच्या व्यवस्थापनासमोर आहे. ती घ्यावी का?

उत्तर : जीवरक्षक उपकरणांसाठी बॅटरी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु रुग्णालयाची बहुतेक ऊर्जा हवा थंड किंवा उबदार करण्यात, ती ढकलण्यात आणि पाणी तापवण्यात जाते, आणि थंडावा किंवा ऊब साठवायला बॅटरी हे महागडे भांडे आहे. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट इतकी उष्णता शोषून घेतो. दुपारच्या सौर विजेवर बर्फ करून ठेवला तर रात्रीच्या वातानुकूलनाचा मोठा भाग तो उचलतो. बर्फाची भानगड नको असेल, तर एक घनमीटर पाणी दहा अंशांनी थंड करून ठेवल्यास साडेअकरा युनिटांचा थंडावा साठतो. गरम पाण्याचेही तसेच. चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी गार करणारे यंत्र, इमारतीतील उष्णता उचलून बाहेर फेकत असतो आणि शेजारीच दुसरे यंत्र वीज जाळून पाणी तापवत असते, असे दृश्य मी अनेक रुग्णालयांत पाहिले आहे. फेकली जाणारी उष्णता पाण्याला द्यावी. मात्र साठवलेले गरम पाणी ६० अंशांखाली ठेवू नये, नाहीतर त्यात लेजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो, आणि तो रुग्णालयाला परवडणारा नाही.

सर्वात आधी मात्र पंख्यांकडे पाहावे. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते : वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्म्यावर, ५१ टक्क्यांवर, येते. शस्त्रक्रियागृह रात्री रिकामे असेल तेव्हा आतला हवेचा दाब राखून हवेचे प्रमाण कमी करता येते. वेग बदलणारी यंत्रणा मोटरला जोडली, संसर्ग-नियंत्रणाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन दाबाच्या मर्यादा ठरवल्या, की बॅटरीच्या प्रस्तावातील आकडा आपोआप लहान होतो.

प्रश्न : आमच्याकडे कडाक्याची थंडी असते. इमारत घट्ट बंद केली तर ऊर्जा वाचते हे समजते, पण सभागृहात माणसे गुदमरणार नाहीत का?

उत्तर : फटींतून येणाऱ्या वाऱ्याला वायुवीजन म्हणणे म्हणजे गळक्या छपराला पाणीपुरवठा म्हणण्यासारखे आहे. फटी बुजवाव्यात आणि ताजी हवा मोजून, यंत्राने आत घ्यावी. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा एकमेकींत न मिसळता पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी नेली, की जाणाऱ्या हवेतील तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ऊब येणाऱ्या हवेला मिळते. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाऊसपासून, म्हणजे जवळजवळ न तापवता उबदार राहणाऱ्या घरापासून, हे तंत्र रूढ झाले; त्याच नावाच्या मानकात तापवण्यासाठी चौरस मीटरमागे वर्षाला केवळ १५ युनिट उष्णतेची मुभा आहे. शिवाय शांत बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे चाळीस माणसांची सभा हा ४ किलोवॉटचा हीटरच असतो. उरलेली ऊब हीट पंपाने घ्यावी. तो बाहेरची उष्णता उचलून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता आत आणतो. गुदमरण्याची शंका असल्यास सभागृहात कार्बन डायऑक्साइडचा मापक लावावा आणि तो १,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक हजार भाग) वर गेला की पंख्याने वेग वाढवावा अशी जोडणी करावी.

प्रश्न : आमचे प्रशासकीय कार्यालय जुन्या चार मजली इमारतीत आहे. ती पाडून नवी 'हरित' इमारत बांधावी की जुनीच सुधारावी असा वाद चालू आहे. सुधारायची ठरल्यास सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : जुनी इमारत भक्कम असेल तर पाडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या सिमेंट-पोलादात गेलेली ऊर्जा खर्च होऊन गेली आहे. पाडल्यास तेवढीच पुन्हा खर्चावी लागेल, आणि नव्या इमारतीची बचत ते कर्ज फेडण्यात बरीच वर्षे घालवील. सुरुवात कशापासून करावी याचे उत्तर एका अनुभवातून देतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यालयाने मला बोलावले. इमारतीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांना गच्चीवर किती मोठा सौर संच बसेल हे हवे होते. मी त्यांच्याकडे गच्चीची किल्ली न मागता विजेच्या खोलीची मागितली, आणि एका रात्री अकरा ते पहाटे चारपर्यंत पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून दर अर्ध्या तासाने मीटर वहीत उतरवला. इमारतीत पहारेकरी आणि मी असे दोघेच होतो, तरी भार १८ किलोवॉटवरून हलेना. मग टॉर्च घेऊन आम्ही आवाजाच्या मागे निघालो. दुसऱ्या मजल्यावर हवा खेळवणारा साडेसात किलोवॉटचा पंखा रिकाम्या खुर्च्यांवर गार वारा सोडत होता. त्याला टायमर होता. पण कधीतरी वीज गेली तेव्हा टायमरचे घड्याळ थांबले होते आणि तेव्हापासून ते सात तास मागे चालत होते, म्हणजे पंखा दुपारी उशिरा सुरू होई आणि मध्यरात्रीनंतर बंद होई. सकाळी गरम होते म्हणून कोणीतरी तो हातानेच कायमचा चालू करून ठेवला होता. जिन्यांतील व मार्गिकांतील दिव्यांचे ३ किलोवॉट, स्वच्छतागृहांतील हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांचे २, सर्व्हर आणि सोळा अंशांवर लावलेला त्याचा एसी मिळून ४, आणि पाणी गार करणारी यंत्रे, प्रिंटर वगैरे मिळून उरलेले दीड. हिशेब पुरा झाला तेव्हा पहारेकरी म्हणाला, "साहेब, तो दुसऱ्या मजल्यावरचा पंखा तर मी आल्यापासून चालूच आहे. मला वाटलं, तो चालूच ठेवायचा असतो."

आठवड्याचे तास १६८. त्यांतील कामाचे पन्नास धरले तर उरलेले ११८ तास इमारत रिकामी. अठरा किलोवॉट, ११८ तास, बावन्न आठवडे, म्हणजे वर्षाला सुमारे १,१०,००० युनिट. पहिल्या उत्तरातील १,००० चौरस मीटरच्या गच्चीची वर्षाची सगळी कमाई यापेक्षा थोडी कमीच भरते. टायमर दुरुस्त केला, पंख्यांना वेळ लावून दिली, जिन्यात माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे घातले आणि सर्व्हरची खोली चोवीस अंशांवर आणली, तेव्हा रात्रीचा भार पाच किलोवॉटवर आला. वाचलेले तेरा किलोवॉट वर्षाला सुमारे ८०,००० युनिट होतात. तेवढी वीज मिळवायला ५७ किलोवॉटचा सौर संच बसवावा लागला असता. संच त्यांनी नंतर बसवला, आणि तो आधी मागितला होता त्याच्या निम्माच लागला.

आपणही आधी एक रात्र मीटरपाशी काढावी. त्यानंतर दिवे एलईडी करणे, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि उन्हाच्या प्रदेशात पांढरा परावर्तक रंग देणे, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करणे, आणि मगच वातानुकूलनाची नवी यंत्रे घेणे असे जावे. यंत्रे आधी घेतली तर ती जुन्या, मोठ्या भारासाठी घेतली जातात आणि भार उतरल्यावर आयुष्यभर अर्ध्या क्षमतेवर कुंथत चालतात. पॅनेल शेवटी बसवावीत, आणि त्यांच्याखाली हवा खेळेल एवढी जागा सोडावी. पॅनेलमधील सौर पेशींचे तापमान २५ अंशांच्या वर जाईल तसे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, आणि तापल्या गच्चीवर पेशी साठ अंशांपर्यंत सहज पोहोचतात.

प्रश्न : सल्लागाराच्या अहवालात बचतीचे आकडे सुंदर असतात, पण ताबा घेतल्यानंतरचे बिल वेगळेच येते. निविदेत असे काय लिहावे की दिलेला शब्द पाळला जाईल?

उत्तर : आकडा लिहावा. 'ऊर्जा-कार्यक्षम इमारत असावी' या वाक्याला कोणताही कंत्राटदार मान डोलावतो, कारण ते मोजता येत नाही. गोल्डनच्या त्या कार्यालयासाठी निविदेतच चौरस फुटामागे वर्षाला किती ऊर्जा वापरली जाईल याचे लक्ष्य घातले होते आणि रचनाकार व बांधकाम करणारे यांना एकाच करारात बांधले होते. त्यामुळे लिफ्टपासून मेजावरच्या संगणकापर्यंत प्रत्येक वस्तूला आपला वाटा सांगावा लागला. मोठ्या संगणकांऐवजी लॅपटॉप आले, आणि खिडक्या केव्हा उघडाव्यात याची सूचना कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर येऊ लागली.

दुसरे म्हणजे आकड्याची परीक्षा कागदावर न घेता बिलावर घ्यावी. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून चालत आलेली नॅबर्स ही मूल्यांकनपद्धत इमारतीला तारे देते ते बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावर. इंग्लंड व वेल्समध्ये २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींना त्यांच्या प्रत्यक्ष ऊर्जावापराचे प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे लावावे लागते. युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशात २०१८ अखेरनंतरच्या नव्या शासकीय इमारती जवळजवळ शून्य ऊर्जेच्या असाव्यात असे बंधन घातले; पण कायदा उंबरठ्यापर्यंत येतो, पुढे घरातल्यांनीच पाहायचे असते. म्हणून देय रकमेचा काही भाग बारा महिन्यांच्या बिलांनंतर द्यावा, आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तिन्ही ऋतू पाहून यंत्रणा जुळवून देण्याची जबाबदारी त्याच कंत्राटदारावर ठेवावी. हस्तांतराच्या दिवशी फक्त हिवाळ्यात तपासलेले वातानुकूलन मेमध्ये कसे वागेल हे कोणीच सांगू शकत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त माणसे आली किंवा कामाचे तास वाढले तर लक्ष्य कसे बदलेल, हेही आधीच लिहून ठेवावे, नाहीतर पहिल्याच बिलावर वाद होतो आणि तो न्यायाच्या दृष्टीने कंत्राटदाराच्या बाजूने झुकू शकतो.

एक बारीक गोष्ट निविदेच्या विजेच्या भागात जरूर घालावी. वातानुकूलन, दिवे, लिफ्ट, पंप, सर्व्हर आणि मेजांवरच्या जोडण्या यांना स्वतंत्र उपमीटर असावेत आणि त्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी जपली जावी. हे विद्युत आराखडा कागदावर असतानाच ठरवावे, कारण एकदा काम झाले की तळमजल्याच्या पॅनेल बोर्डात पंपाची तार आणि सभागृहाच्या एसीची तार एकाच ब्रेकरखाली सापडते, आणि मग चोर कोण हे शोधायला पुन्हा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर रात्र काढावी लागते.